सतराचा पाढा

गेल्या आठवड्यात तिघांनी येऊन सांगितलं, "यंदा फुल मारतोय." एक बँकेतला, एक शेजारच्या इमारतीतली, एक माझ्या धाकट्या भावाचा मित्र. तिघांनाही मी एकच विचारलं: गेल्या रविवारी किती किलोमीटर धावलात? बँकेतला म्हणाला, बारा. शेजारीण म्हणाली, गणपतीची खरेदी होती, नाही जमलं, पण त्याआधीच्या रविवारी आठ झाले. भावाचा मित्र म्हणाला, रविवारी नाही, पण मी रोज जिममध्ये ट्रेडमिलवर तीन करतो. तिघांचे मॅरेथॉनच्या नोंदणीचे पैसे भरून झालेत. तिघांकडेही जिद्द आहे. तयारी अजून एकाचीही नाही.

आजपासून जानेवारीच्या तिसऱ्या रविवारपर्यंत, म्हणजे मुंबई मॅरेथॉनच्या दिवसापर्यंत, वीस आठवडे आहेत. वीस आठवडे पुरतात. आठवड्यातून तीन-चार दिवस धावणं आधीच अंगवळणी पडलं असेल तर सोळाही पुरतात. दिवाळी झाली की सुरू करू म्हणणाऱ्याला मात्र वेळ पुरणार नाही, आणि हे त्याला आजच स्पष्ट सांगायला हवं. हृदय आणि फुप्फुसं महिना-दीड महिन्यात साथ द्यायला लागतात. हाडं, स्नायुबंध, टाचेमागची जाड शीर यांना कित्येक महिने लागतात. सहाव्या-सातव्या आठवड्यात माणसाला वाटतं, आता दम लागत नाही, वाढवू या. दम तयार असतो, हाड तयार नसतं. नेमकी तेव्हाच नडगी धरते.

माझी धरली होती. २०१७ चा ऑक्टोबर, ठाण्यात उपवन तलावापासून येऊरकडे जाणारा चढ. आदल्या डिसेंबरात हाफ मॅरेथॉन २ तास २४ मिनिटांत झाली होती आणि डोक्यात साधा गुणाकार बसला होता: दुप्पट अंतर, दुप्पट वेळ. आठवड्याचे तीस किलोमीटर एकदम पंचेचाळीसवर नेले, तेही दर वेळी आधीच्या दिवसापेक्षा जोरात. उजव्या नडगीवर बोट टेकवलं तरी कळ यायची, तरी दोन आठवडे धावत राहिले. शेवटी हाडाला बारीक चीर निघाली. सहा आठवडे धावणं बंद, मग दोन महिने नुसतं चालणं. त्या वर्षीची नोंदणी वाया गेली. पुढच्या वर्षी पुन्हा नाव घातलं आणि २० जानेवारी २०१९ ला ५ तास ३४ मिनिटांत ४२.१९५ किलोमीटर पूर्ण केले. एका वर्षात माझे पाय बदलले नव्हते. दुसऱ्या वर्षी मी सावकाश धावले, एवढंच.

सावकाश म्हणजे किती, हे मला येऊरच्या रस्त्यावर भेटणाऱ्या एका निवृत्त मास्तरांनी शिकवलं. वय पासष्टच्या पुढे, पायात साधे बूट, हातात घड्याळ नाही. एका सकाळी माझ्या बाजूने धावत म्हणाले, "ताई, सतराचा पाढा म्हणा बघू."

"आत्ता?"

"आत्ताच. थांबू नका."

सतरा चोक अडुसष्टला माझा आवाज तुटला. मास्तर म्हणाले, "मग हा तुमचा वेग नाही. दाहेपर्यंत मोठ्याने म्हणता आला पाहिजे. मग तो वेग."

महागातल्या महाग घड्याळाने मला याहून उपयोगी काही सांगितलेलं नाही. आठवड्यातल्या पाच धावांपैकी चार या वेगाने धावायच्या. किलोमीटरला आठ मिनिटं लागली तर आठ, नऊ लागली तर नऊ. शेजारून कॉलेजातली मुलं भरकन पुढे जातील, जाऊ द्यावं. आपल्याकडे नवखे धावपटू जखमी होतात ते कमी धावून नव्हे, रोज जोरात धावून. ज्यांची हाफ झालेली असते त्यांना तर सावकाश धावणं म्हणजे मागे जाणं वाटतं. तसं ते नाही, आणि त्याचं कारण शरीराच्या हिशेबात आहे.

हा हिशेब प्रत्येक नवख्याने एकदा कागदावर मांडावा. धावताना किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक कॅलरी जळते. साठ किलोच्या माणसाला बेचाळीस किलोमीटरला अडीच हजार कॅलरी लागतात. स्नायूंत आणि यकृतात मिळून साठवलेली साखर, जिला ग्लायकोजेन म्हणतात, ती असते चारशे-पाचशे ग्रॅम, म्हणजे सोळाशे ते दोन हजार कॅलरी. हिशेब तिथेच तुटतो. उरलेलं चरबीतून यायला हवं. चरबी प्रत्येकाकडे भरपूर असते, पण ती हळूहळू जळते; जोरात धावलं की शरीर साखरेवर हात मारतं आणि साखर तीस-पस्तीस किलोमीटरला संपते. पाय शिशाचे होतात, डोकं सुन्न होतं, रडू येतं. धावणारे याला भिंत म्हणतात. सावकाश धावण्याच्या सरावाने शरीर चरबी वापरायला शिकतं, साखर पुरवून पुरवून खर्च करायला शिकतं. हे शिक्षण दोन आठवड्यांत होत नाही.

म्हणून हाफ ही अर्धी मॅरेथॉन नाही. एकवीस किलोमीटर साठवणीतल्या साखरेवर निघून जातात. ज्याने कधी भिंत पाहिली नाही त्याची हाफ चांगली झाली तरी त्याला फुलची काहीच कल्पना नसते. वेळेचाही गुणाकार चुकतो. पहिल्या फुलला हाफच्या दुपटीवर अर्धा तास तरी धरावा. माझी सेहेचाळीस मिनिटं गेली.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. जगातले अव्वल पुरुष धावपटू मॅरेथॉन सव्वादोन तासांच्या आत संपवतात. आपल्याला पाच, साडेपाच, सहा तास लागतात. अंतर तेच, पण आपण दुपटीहून जास्त वेळ पायांवर असतो, आणि ते सगळे जास्तीचे तास उन्हातले. सराव त्यांचा बघून करायचा नसतो. आपल्या पायांना तास सहन करायला शिकवायचे असतात.

ते शिकवते रविवारची लांब धाव. बाकी सगळं हुकलं तरी चालेल, ही हुकता कामा नये. आज जो चौदा धावू शकतो त्याने सोळा, अठरा असं चढत जावं, दर चौथ्या रविवारी खाली यावं, डिसेंबरच्या अखेरीपर्यंत तीस-बत्तीसला पोचावं. त्याच्या पुढे जाऊ नये. बेचाळीस आधी धावून बघणं ही हौस महागात पडते, कारण त्यातून सावरायलाच तीन आठवडे जातात. दर आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, असा एक नियम सांगतात. तो काही शास्त्राने सिद्ध झालेला मंत्र नाही, पण नवख्याला भलत्या उडीपासून वाचवतो. मी तीसवरून पंचेचाळीसवर गेले होते, पन्नास टक्के. त्याचं फळ वर सांगितलंच.

आणि मधे चालावं. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे या अमेरिकन धावपटूने सामान्य माणसासाठी धाव-चाल पद्धत रुजवली: काही मिनिटं धावणं, मग एखादं मिनिट चालणं, पहिल्या किलोमीटरपासूनच, दमण्याआधीच. मी नऊ मिनिटं धावून एक मिनिट चालते. आपल्याकडे चालणाऱ्याला कुणी ना कुणी हाक मारतं, "चला चला, थांबू नका!" ज्यांना थांबायची सवय नाही ते बत्तिसाव्या किलोमीटरला बसतात. ठरवून चालणारा शेवटपर्यंत उभा राहतो.

आता ऋतू. मुंबईच्या मॅरेथॉनची तयारी पावसाळ्यात सुरू होते, ऑक्टोबरच्या उकाड्यातून जाते आणि हिवाळ्यात संपते. सप्टेंबरात रस्त्यावर पाणी साचलेलं असतं आणि पाण्याखाली खड्डा असतो. तळ दिसत नाही त्या डबक्यात पाय घालू नये, वळसा घालावा. ओले बूट उन्हात ठेवले की चिकटवण सुटते. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि पंख्याखाली ठेवावेत. ओल्या मोज्यांनी फोड येतात, म्हणून बोटांच्या मधे पेट्रोलियम जेली. ऑक्टोबरात वेग आपोआप पडतो. पडू द्यावा. दमट हवेत घाम अंगावरच राहतो, उडून जात नाही, अंग थंड होत नाही. त्या महिन्यातले आकडे बघून कुणी खचू नये.

डिसेंबरची गोष्ट वेगळी आहे. थंडी छान पडते आणि हवा खराब होते. गेली काही वर्षं हिवाळ्यात मुंबई-ठाण्याच्या सकाळवर धुरकट चादर असते, बांधकामांची धूळ असते. धावणारा माणूस बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत घेतो. हवेचा निर्देशांक वाईट असेल त्या दिवशी मोठ्या रस्त्यावर तीन तास काढण्यापेक्षा धाव एक दिवस पुढे ढकलावी. ज्या शहरात हजारो माणसं वर्षातून एक दिवस धावतात, त्या शहराने उरलेले तीनशे चौसष्ट दिवस त्यांना श्वास घेण्याजोगी हवा द्यावी ही मागणी मोठी नाही. ती आपण करत नाही, ही आपली चूक.

दुसरी मागणी उजेडाची. लांब धाव पहाटे साडेचार-पाचला सुरू करावी लागते, कारण आठनंतर ऊन भाजतं आणि वाहतूक वाढते. जानेवारीत मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो. म्हणजे पहिले दोन तास अंधारात. बाईमाणसाला त्या अंधारात धावणं किती अवघड आहे हे पुरुष धावपटूंना सांगून कळत नाही. मागून येणारी मोटरसायकल हळू झाली की पोटात गोळा येतो. दिवा बंद असलेल्या शंभर मीटरच्या पट्ट्यासाठी मी एक आख्खा रस्ता सोडला आहे. आमच्या भागातलं एक मैदान सकाळी सहाला उघडतं. चार वर्षं अर्ज करूनही ते पाचला उघडलेलं नाही. बायका स्पर्धेला कमी का येतात याची कारणं शोधणाऱ्यांनी पहाटे पाचला एकदा त्या कुलपासमोर उभं राहावं.

आणि तिसरी मागणी घरातली आहे. रविवारची लांब धाव म्हणजे पहाटे चारला उठणं, नऊला परतणं, अंघोळ, नाश्ता, मग दुपारी दोन तास आडवं होणं. पुरुषाचा हा रविवार कोण सांभाळतं? चहा, पोहे, मुलाचा क्लास, आईंचं औषध, दळण. माझ्या ओळखीतल्या अनेक पुरुषांची पदकं त्यांच्या बायकांच्या वीस रविवारांवर उभी आहेत आणि त्यांच्या भाषणात ती बायको एका ओळीत येते. बाई धावायला लागली की मात्र ती आदल्या रात्री कणीक मळून, भाजी चिरून, कपडे भिजवून मग झोपते. झोप पाच तास. तयारीत झोप ही धावण्याइतकीच महत्त्वाची असते; स्नायू दुरुस्त होतात ते झोपेत. तेव्हा वीस आठवड्यांचा तक्ता फ्रीजवर लावायच्या आधी घरातल्यांशी बसून बोला. कोणता रविवार कुणाचा, हे ठरवा. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वर्षी विचारलं होतं, "अगं, एवढं धावून मिळतं काय?" दुसऱ्या वर्षी रविवारचा चहा त्यांनी आपणहून स्वतःकडे घेतला. माझ्या ५ तास ३४ मिनिटांत त्यांचा वाटा आहे आणि तो मी दर वेळी मोठ्याने सांगते.

बायकांसाठी आणखी एक, कळकळीने. सुरू करण्याआधी रक्त तपासा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन नऊवर असताना बाई धावते, धापते, आणि स्वतःला आळशी म्हणवून घेते. ती आळशी नसते, तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारंच कमी असतं. लोह भरून काढायला महिने लागतात, तक्ता त्यानंतर. पुरुषांनी, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्यांनी आणि घरात हृदयविकार असलेल्यांनी, डॉक्टरांकडे जाऊन हृदयाची तपासणी करून घ्यावी. मॅरेथॉनच्या दिवशी माणूस कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतो. छातीत दडपण, चक्कर, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, यातलं काहीही सरावात जाणवलं तर त्या दिवशीची धाव तिथेच संपली. कुठलंही पदक याहून मोठं नाही.

खाण्याबद्दल बाजारात फार बोललं जातं, म्हणून थोडक्यात. भात, पोळी, वरण, उसळ, अंडी, दही, केळी. यावर मॅरेथॉन होते. लांब धावेत पाऊण तासानंतर तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत: एक मोठं केळं आणि दोन-तीन खजूर, किंवा गुळाचे खडे आणि चिमूटभर मीठ. जेल खायचं तर खा, पण ते सरावात खाऊन बघा. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीच नको, ना खाणं, ना बूट, ना बनियन. नवरात्रात नऊ दिवस उपास आणि त्याच रविवारी चोवीस किलोमीटर, असं दरवर्षी कुणीतरी करतं. दोन्ही एकत्र करू नका. उपासाचा आठवडा खाली यायचा आठवडा ठेवा, देवीही काही म्हणणार नाही. दिवाळीचा फराळ मात्र मनसोक्त खावा. चकलीने कुणाची मॅरेथॉन बुडालेली नाही.

पाण्याबद्दल एक चुकीचा समज जिवावर बेतू शकतो. जितकं प्याल तितकं चांगलं, असं सांगितलं जातं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये संशोधकांनी ४८८ धावपटूंचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं. १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम गरजेपेक्षा खाली गेलं होतं, आणि ज्यांचं वजन धावताना उलट वाढलं, ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला, त्यांना हा धोका अधिक होता. म्हणजे नेमके आपण. वाटेतल्या पाण्याच्या प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवले की रक्त पातळ होतं, मेंदूला सूज येऊ शकते, माणूस बरळतो, आणि भोवतालचे त्याला आणखी पाणी पाजतात. तहान लागेल तसं प्यावं, आणि त्यात मीठ-साखर असावी. सरावात तासाभराच्या धावेआधी आणि नंतर वजन करून बघा. किती घाम जातो ते कळतं. आणि वेदनाशामक गोळी खाऊन धावू नका. पाणी कमी झालेल्या शरीरात आयब्युप्रोफेनसारखी औषधं मूत्रपिंडावर घाला घालतात. दुखतंय ते का दुखतंय हे कळण्याची सोयही गोळीने जाते.

बूट. मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. यावर मला नेहमी फडेप्पा चौगुले आठवतात. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामेळ्यात शेतकरी घरांतले तरुण अनवाणी लांब पल्ल्याची शर्यत धावताना सर दोराबजी टाटांनी पाहिले. त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या तोडीच्या आहेत हे टाटांच्या लक्षात आलं, आणि पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. बेळगावचे चौगुले तिथे मॅरेथॉन धावले. तेव्हा अंतर पक्कं झालं नव्हतं, ४२.१९५ हा आकडा १९२१ साली कायम झाला. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा होता. चौगुले २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. शंभर वर्षं झाली, आणि शनिवारवाड्याचा इतिहास तोंडपाठ असलेल्या पुणेकरालाही हे नाव सांगावं लागतं. ही खंत मी इथे लिहून ठेवते.

पण चौगुल्यांचं उदाहरण देऊन कुणी अनवाणी धावायला लागू नये. त्या तरुणांचे पाय लहानपणापासून मातीवर घडलेले होते. आपण दिवसाचे नऊ तास खुर्चीत असतो. संध्याकाळी पाय किंचित सुजलेले असताना बूट घ्यायला जावं, अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी, दुकानात धावून बघावं. महागडी कार्बनची पट्टी असलेले बूट पहिल्या मॅरेथॉनला घेऊ नयेत. ते वेगासाठी आहेत, आणि आपल्याला वेग नको, पाय शाबूत हवेत. त्या पैशांत आठवड्यातून दोनदा व्यायामशाळेत जा. एका पायावरच्या उठाबशा, टाचा वर-खाली करणं, पोटाचे व्यायाम. वीस-वीस मिनिटं. गुडघा वाचतो तो मांडीमुळे.

शेवटचे तीन आठवडे धावणं कमी करत आणावं. हे सर्वांत अवघड. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला वाटतं, आपलं कुठेतरी राहिलंय, अजून एक तीस करून टाकू. त्या तीसचा जानेवारीत काडीचाही फायदा होत नाही, थकवा मात्र होतो. जे झालं ते डिसेंबरअखेर झालं. आता झोपा.

आणि त्या पहाटे सीएसएमटीच्या समोर, हजारोंच्या गर्दीत, ढोलांच्या आवाजात, पहिले दहा किलोमीटर सतराचा पाढा म्हणत धावा. हा सगळ्यात कठीण संयम आहे, कारण पाय ताजे असतात, हवा गार असते, मरीन ड्राइव्ह दिव्यांनी उजळलेला असतो आणि बाजूने सगळे पुढे जात असतात. सागरी सेतूवर उजाडताना मी पुढे जाणाऱ्यांच्या पाठी बघत होते. मुंबईच्या मार्गावर वर्षानुवर्षं परतीच्या वाटेवर, पस्तीस किलोमीटरच्या पुढेमागे, पेडर रोडचा चढ आलेला आहे. त्या चढावर मला त्यातल्या कित्येक पाठी पुन्हा दिसल्या. रस्त्याच्या कडेला पोटऱ्या धरून बसलेल्या, दुभाजकाला टेकलेल्या. एका तरुणाला मी माझ्याकडचं मीठ दिलं. तो म्हणाला, "मावशी, माझं सगळं अठराव्या किलोमीटरलाच संपलं होतं." त्याचं अठराव्या किलोमीटरला संपलं नव्हतं. सप्टेंबरातच संपलं होतं.

तेव्हा त्या तिघांना माझं उत्तर असं. बँकेतल्याने या रविवारी चौदा करावेत, सावकाश. त्याची फुल होईल. शेजारणीने आधी रक्त तपासावं, रिपोर्ट बरा आला तर रविवार घरात ठरवून घ्यावा आणि आठपासून चढत जावं. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत अठ्ठावीस झाले नाहीत तर सुरुवातीच्या रेषेवर उभं राहू नये. भावाच्या मित्राने यंदा फुल धावू नये. त्याने ट्रेडमिलवरून उतरून रस्त्यावर यावं, या हिवाळ्यात जवळपासची एखादी हाफ करावी, जानेवारीच्या त्या रविवारी शिवाजी पार्काच्या कडेला मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी घेऊन उभं राहावं, आणि पुढच्या वर्षी यावं. पैसे गेले तर गेले.

रविवारी पहाटे पाचला उपवनच्या कट्ट्यावर मी असते. या.